'इंटर' काढला, त्याची पूर्ण हकीकत: शेअर जोडणाऱ्या टूलमधून जुने माउंट ऑप्शन काढताना काय काय झालं

भोसरी एमआयडीसीतलं आमचं युनिट, खाली मशीन शॉप आणि वर डिझाइन. गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट गेली, जनरेटर सुरू व्हायच्या आत स्टोरेज बॉक्सचा यूपीएस बसला आणि सगळे एनएफएस शेअर, म्हणजे नेटवर्कवरून मशीनला जोडलेले सर्व्हरचे फोल्डर, लटकले. मी वर गेलो तर डिझाइनच्या मॅडम ड्रॉइंग कन्व्हर्ट करणाऱ्या पायथन स्क्रिप्टसमोर बसून कंट्रोल-सी दाबत होत्या, परत परत, आणि स्क्रीनवर नुसती सी-सी-सी उमटत होती. मला म्हणाल्या, "अहो, तुमच्याच लोकांनी सांगितलं होतं ना, लाइनीत इंटर टाकलाय, अडकलं तर कंट्रोल-सी मारा, सुटेल. मग सुटत का नाही?"

मी शेअर जोडायच्या सेटिंगची ओळ उघडून बघितली. इंटर (अडकलेलं काम सिग्नलने सोडवता यावं म्हणून असलेला ऑप्शन) होता, हार्डच्या (सर्व्हर परत येईपर्यंत थांबून राहा, असं सांगणारा ऑप्शन) शेजारी व्यवस्थित लिहिलेला. पण तो ऑप्शन लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) २.६.२५ पासून काहीच करत नाही आणि ते कर्नल आलं एप्रिल २००८ मध्ये. तेव्हापासून इंटर लिहा नाहीतर नोइंटर लिहा, कर्नल नाव वाचतं आणि सोडून देतं. अडकलेल्या एनएफएस कॉलमधून प्रोसेस बाहेर काढायची तर तिला जीवे मारणारा सिग्नल लागतो, म्हणजे किल मायनस नऊ. साध्या कॅटसारखी कमांड कंट्रोल-सीने मरते, कारण ती तो सिग्नल स्वतः हाताळत नाही, पण पायथन हाताळतं, त्यामुळे तो सिग्नल मारणारा राहत नाही आणि प्रोसेस तशीच अडकून बसते. मॅडमना कुणीतरी कधीतरी खरं तेच सांगितलं होतं, फक्त ते खरं संपून बरीच वर्षं झाली होती आणि आमच्या टूलने त्यांना एकदाही ते कळू दिलं नाही. त्या दिवशी मला याचं फार वाईट वाटलं, कारण ते टूल आता माझ्याकडे आहे.

टूल काय आहे ते आधी सांगतो. प्रत्येक मशीनवर एक साधी फाइल असते, एका ओळीत एक शेअर, कुठला सर्व्हर, कुठे जोडायचा आणि ऑप्शन काय. टूल ती वाचतं, ऑप्शनची नावं तपासतं आणि माउंट-एनएफएस नाहीतर माउंट-सिफ्सला बोलावतं, शेअर जोडणं म्हणजेच माउंट करणं, ते हे दोन हेल्पर करतात, आणि सिफ्स म्हणजे विंडोजच्या पद्धतीचा शेअर. माझ्या आधीच्या माणसाने शेल स्क्रिप्ट म्हणून सुरू केलं, नंतर ते पायथनमध्ये आणलं. त्यात एक यादी होती, "सुसंगततेसाठी" अशी कमेंट टाकलेली, आणि त्या यादीतलं नाव ओळीत सापडलं की टूल ते गुपचूप गाळायचं. वर एनएफएससाठी मायनस एस लावलेलं, म्हणजे माउंट-एनएफएसला सांगितलेलं की न कळणारा ऑप्शन आला तरी तक्रार करू नकोस. आणि सिफ्सच्या हेल्परने काही वॉर्निंग दिलीच तर ती जायची डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात. तीन चाळण्या, तिन्ही बिनआवाजाच्या.

मुळात हे असं का केलं गेलं तेही समजून घ्यायला हवं, त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. पूर्वी एनएफएसमध्ये हेल्पर स्वतः सगळे ऑप्शन वाचून एक बायनरी रचना भरून कर्नलला द्यायचा, २.६.२३ पासून तो बराचसा मजकूर तसाच पुढे पाठवायला लागला आणि वाचायचं काम कर्नलकडे गेलं. म्हणजे तीच ओळ एका मशीनवर चालणार आणि दुसऱ्यावर अडणार, आणि अडली की लोक ह्यालाच फोन करणार. एकट्या माणसाने चाळीसेक मशीन सांभाळायच्या तर तो असली चाळणी लावणारच, मीही लावली असती.

मग मी आणि आमचा ज्युनियर बसलो आणि प्रत्येक मशीनवरची फाइल एकीकडे आणि त्याच मशीनचं प्रॉक-माउंट्स दुसरीकडे असं लावून बघितलं. हे काम कुणी करणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं, फाइलवर विश्वास ठेवू नका, प्रॉक-माउंट्स बघा, कारण खरंच लागू झालेलं काय ते तिथेच दिसतं. एनएफएससाठी एनएफएसस्टॅट मायनस एम पण चालतं. फाइलीत एक आणि प्रत्यक्षात दुसरंच, असं जागोजाग निघालं. इंटर जवळपास सगळीकडे. आरसाइझ आणि डब्ल्यूसाइझ (एका वेळी किती बाइट्स वाचायचे आणि लिहायचे) ८१९२ कितीतरी ओळींत, कुठल्यातरी जुन्या हाऊ-टू मधून उतरवलेले. ते न लिहिता सोडले तर क्लायंट आणि सर्व्हर आपापसात ठरवून १०,४८,५७६ बाइट्सपर्यंत जातात, म्हणजे आमचे लोक १२८ पट छोट्या घासांनी मोठमोठ्या असेंब्ली उघडत बसले होते. आणि एका ठिकाणी टाइमिओ (सर्व्हरच्या उत्तराची वाट किती बघायची) ६०, लिहिणाऱ्याला वाटलं ६० सेकंद, पण टाइमिओ मोजतात सेकंदाच्या दहाव्या भागात, म्हणजे झाले ६ सेकंद, आणि ते पण सॉफ्ट माउंटवर, जो वाट बघून झाली की एरर देऊन मोकळा होतो.

यूडीपीचं प्रकरण वेगळं निघालं. यूडीपी म्हणजे डेटा पोहोचल्याची खात्री न करता पाठवायची पद्धत, टीसीपी ती खात्री करतं. उबंटू लिनक्स २२.०४ च्या मशीनवर आमचं टूल यूडीपी गाळत होतं, कारण कर्नल ५.६ पासून एनएफएसचं यूडीपी मूळ सेटिंगमध्येच बंद आहे. पण दोन मशीन अजून १८.०४ वर होत्या, कर्नल ४.१५, आणि तिथे प्रॉक-माउंट्समध्ये स्वच्छ लिहिलेलं, प्रोटो यूडीपी. म्हणजे तिथे ते खरंच चालू होतं, गिगाबिट लाइनवर. हे किती धोक्याचं आहे ते सांगतो. यूडीपीवर एक मोठी रिक्वेस्ट आयपीच्या तुकड्यांत फुटते आणि तुकडे परत जोडायला जो ओळख नंबर असतो तो फक्त १६ बिटचा, म्हणजे ६५,५३६ झाले की पुन्हा पहिल्यापासून. गिगाबिटच्या वेगाने हा फेरा काही सेकंदांत पूर्ण होतो आणि हरवलेल्या तुकड्याची वाट बघायची मुदत साधारण ३० सेकंद असते, मग जुन्या पॅकेटच्या जागी नव्याचा तुकडा जाऊन चिकटू शकतो आणि चेकसम (तपासणीचा आकडा) जर योगायोगाने जुळला तर फाइल बिघडते आणि एरर येत नाही. ज्या दोन मशीनवर हे चालू होतं त्यातली एक क्वालिटीच्या मोजमापांची होती. त्या दोन्ही त्याच संध्याकाळी टीसीपीवर नेल्या, परवानगी नंतर घेतली.

आता वाद. आमचे मॅनेजर म्हणाले, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा. ज्युनियरचं उलट टोक, म्हणाला, "सर, यादीच उडवून टाकू, मायनस एस काढू, ज्याला एरर येईल तो फोन करेल, आठवड्यात सगळं साफ." मला त्याचं पटलं. चुकीची ओळ नाकारली गेली पाहिजे हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे, पण नाकारल्यावर पुढे काय होतं हा विचार मी पुरेसा केला नाही, आणि नवीन टूल आम्ही शुक्रवारी रात्री सगळीकडे सोडलं.

सोमवारी सकाळी अकाउंट्सचा सर्व्हर बंद पडला. डेटाबेस लिहायला तयार नाही, रूट पार्टिशन (सिस्टीमची मुख्य डिस्क) १०० टक्के भरलेलं. झालं होतं असं की त्या सर्व्हरच्या बॅकअप शेअरच्या ओळीत इंटर होता, नवीन टूलने ओळ नाकारली आणि शेअर जोडलाच गेला नाही. पण ज्या फोल्डरवर तो जोडला जातो तो तर तिथे आहेच, रिकामा. रात्रीच्या आरसिंकला (बॅकअप उतरवणाऱ्या प्रोग्रामला) काय माहीत, त्याने फोल्डर बघितला, रिकामा दिसला आणि सगळा बॅकअप लोकल डिस्कवर उतरवायला सुरुवात केली, शुक्रवारी, शनिवारी, रविवारी. आम्ही घाईघाईने ओळ दुरुस्त करून शेअर जोडला, बॅकअप दिसायला लागला, आणि डिस्क तरीही भरलेलीच. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतंय भरली, डीयू (दिसणाऱ्या फाइली मोजणारी) म्हणतंय एवढं काही नाहीच. अर्धा तास आम्ही दोघं लॉग फाइली उडवत बसलो, मग लक्षात आलं की ते तीन रात्रींचं सामान शेअरच्या खाली झाकलं गेलंय, वरून माउंट बसला की खालचं दिसतच नाही. रूट पार्टिशन दुसऱ्या एका फोल्डरवर बाइंड माउंट केलं, म्हणजे तीच डिस्क दुसऱ्या जागी दाखवली, तिथून आत गेलो आणि सगळं सापडलं. अकाउंट्सच्या ताईंचं जीएसटीचं काम दुपारपर्यंत अडलं होतं, त्या काही बोलल्या नाहीत, पण मी स्वतः जाऊन चूक आमची होती हे सांगितलं.

त्या दिवशी दुपारी आम्ही जुनं टूल परत बसवलं. आणि त्याचबरोबर दोन गोष्टी लगेच केल्या ज्या खरं तर आधीच हव्या होत्या: प्रत्येक बॅकअप स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट मायनस क्यू ची तपासणी, शेअर जोडलेला नसेल तर पुढे जायचंच नाही, आणि शेअर उतरवलेला असताना खालच्या रिकाम्या फोल्डरवर चॅटर प्लस आय, म्हणजे रूट युजरला सुद्धा तिथे काही लिहिता येत नाही, वर शेअर बसला की मात्र नेहमीसारखं चालतं. हे दुसरं तर एका ओळीचं काम आहे, ज्यांच्याकडे नेटवर्क शेअरवर बॅकअप जातो त्यांनी आजच करा.

दुसऱ्या वेळी आम्ही ऑप्शन काढायला बसलो तेव्हा प्रश्नच बदलला. पहिल्या वेळी विचारलं होतं, हा ऑप्शन चालतो का. आता विचारलं, हा ऑप्शन लिहिणाऱ्याला काय हवं होतं आणि ते त्याला आज मिळतंय का. ह्या एका प्रश्नाने यादी आपोआप वेगळी झाली. डायरेक्टआयओ (कॅश न वापरता थेट वाचणं-लिहिणं) सारख्याला सरळ बदली नाव आहे, कॅश=नन, तिथे टूलने नवीन नाव सांगायचं आणि थांबायचं. पण इंटर आणि एफमास्क (फाइलच्या परवानग्यांचा ऑप्शन) ह्यांना बदली नाव देऊन भागत नाही, तिथे माणसाशी बोलावंच लागतं.

एफमास्कचं तर बघाच. क्वालिटीच्या रिपोर्टचा सिफ्स शेअर, ओळीत एफमास्क ००२२ आणि फोल्डरसाठी डीमास्क ००२२. लिहिणाऱ्याच्या डोक्यात पेन ड्राइव्हच्या व्हीफॅटचा हिशोब, की मास्क म्हणजे हे बिट काढून टाक. पण माउंट-सिफ्स हेल्परमध्ये एफमास्क म्हणजे फाइल_मोडचंच (थेट परवानग्यांचा आकडा) दुसरं नाव होतं, तो एक वॉर्निंग देऊन फक्त नाव बदलतो, आकडा उलटा करत नाही, जसाच्या तसा पुढे देतो. म्हणजे परवानगी झाली ००२२, मालकाला काहीच नाही, ग्रुपला आणि बाकी सगळ्यांना नुसतं लिहायचं. फोल्डर उघडेना. वॉर्निंग आमच्या टूलने गिळलेली. मग कुणीतरी खटपट करून नोपर्म टाकलं, म्हणजे क्लायंटने परवानग्या तपासायच्याच नाहीत, आणि शेअर उघडला. तेव्हापासून त्या मशीनवर लॉगिन करणारा कुणीही माणूस ग्राहकाला जाणारे मोजमापाचे रिपोर्ट बदलू शकत होता. एका चुकीच्या शब्दाला झाकायला दुसरा शब्द आला आणि दुसऱ्याने दारच उघडं ठेवलं. नुसतं "एफमास्कच्या जागी फाइल_मोड लिहा" असं सांगितलं असतं तर लोकांनी तोच ००२२ पुढे नेला असता. आम्ही फाइलींना ०६४४ आणि फोल्डरना ०७५५ लिहिलं, म्हणजे लिहिणार फक्त मालक, बाकीचे नुसतं वाचणार, नोपर्म काढलं आणि क्वालिटीच्या साहेबांना समोर बसवून कुणाला काय करता येतं ते दाखवलं.

इंटरसाठी मी वर डिझाइनमध्ये जाऊन बसलो. मॅडमना हवं काय होतं? स्टोरेज गेलं तर आपली स्क्रिप्ट आपल्याला थांबवता यावी, एवढंच. त्यावर नेटवर बऱ्याच ठिकाणी सरळ सल्ला मिळतो की हार्डचं सॉफ्ट करा. मी ते केलं नाही. सॉफ्टमध्ये ठरलेल्या वेळेनंतर कर्नल प्रोग्रामला एरर देतं, आणि प्रोग्रामने ती नीट हाताळली नाही तर अर्धी लिहिलेली ड्रॉइंग मागे राहते, आणि आमच्याकडच्या स्क्रिप्टा एरर किती हाताळतात ते मला माहितीये. म्हणून जिथे लिहिलं जातं तो शेअर हार्डच ठेवला, टाइमिओ सुद्धा काढून टाकला, टीसीपीवर तो मुळात ६०० म्हणजे ६० सेकंद असतो तो ठीक आहे. स्टँडर्ड पार्टची लायब्ररी फक्त वाचायची असते, ती सॉफ्ट आणि रीड-ओन्ली केली. आणि मॅडमना दुसरी विंडो उघडून किल मायनस नऊ कसं द्यायचं ते दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलं?" खरं आहे, आधी सांगायला हवं होतं.

टूलमध्ये जो बदल शेवटी राहिला तो असा. पहिले सहा आठवडे जुना ऑप्शन दिसला की शेअर जोडायचा, पण मशीन, ओळ आणि ऑप्शन नावानिशी त्या विभागाच्या मेलवर जायचं. सिसलॉगमध्ये (सिस्टीमच्या नोंदींच्या फाइलीत) टाकलेली वॉर्निंग कुणी वाचत नाही हे मान्य करून टाकलं. सोबत एक तपासणीचा मोड दिला, काहीही न जोडता फक्त ओळी वाचून काय अडेल ते सांगणारा. सहा आठवड्यांनी त्याच वॉर्निंग एरर झाल्या. ज्युनियरला नावंच पूर्ण उडवायची होती, कोड कमी होतो म्हणून, पण मी नाही म्हटलं. ऑप्शनमागचं काम काढलं, गाळणारी यादी काढली, मायनस एस काढलं, नावं मात्र एका छोट्या तक्त्यात ठेवली, प्रत्येक नावापुढे मराठीत एक वाक्य. 'अनोळखी ऑप्शन' एवढंच वाचून माणूस टायपिंगची चूक शोधत बसतो. 'इंटर २००८ पासून निकामी आहे, प्रोसेस थांबवायला किल मायनस नऊ वापरा, ओळीतून इंटर काढा' हे वाचून तो स्वतः ओळ दुरुस्त करतो, आणि तसं झालंही, शेवटच्या आठवड्यात फोन फार थोडे आले.

एक ओळ मात्र शेवटपर्यंत राहिली होती. खाली एका सीएनसीच्या कंट्रोलरमध्ये विंडोज एक्सपी आहे, त्याच्या शेअरवर आमचा लिनक्स सर्व्हर एनसी प्रोग्राम (मशीनला काम सांगणारे) टाकतो. ओळीत व्हर्स=१.० (आवृत्ती) आणि सेक=एनटीएलएम (ओळख पटवायची जुनी पद्धत). एक्सपीला एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या शेअरच्या भाषेची, पहिली आवृत्तीच येते आणि लिनक्सने कर्नल ४.१३ पासून, म्हणजे २०१७ पासून, ती आपणहून वापरणं सोडलं, त्यामुळे व्हर्स=१.० तिथे खरोखर लागतं, तो जुना असला तरी निकामी नाही. सेक=एनटीएलएम मात्र कर्नल ५.१५ मध्ये काढूनच टाकलं. आमचं जुनं टूल तो शब्द गाळायचं, मग मूळचं एनटीएलएमएसएसपी (जास्त पक्की पद्धत) लागू व्हायचं आणि एक्सपी त्याने बिनतक्रार जोडला जायचा. ज्युनियर म्हणाला, बघा, गुपचूप गाळल्यामुळे भलंच झालं. पण आदल्या वर्षी एका ग्राहकाच्या ऑडिटरने हीच फाइल वाचून आमच्यावर कमकुवत ऑथेंटिकेशनचा शेरा मारला होता आणि उत्तर द्यायला आमच्याकडे कुणालाच खरं काय चालू आहे ते माहीत नव्हतं. फाइल खोटं बोलत होती, ह्या वेळी आपल्याच विरुद्ध.

ती ओळ बदलायची तर मशीन थांबायला हवी आणि त्या मशीनवरचे मामा एक तास द्यायला तयार नव्हते, त्यांच्यावर डिस्पॅच असतो, त्यांचंही बरोबर. शेवटी खंडेनवमीला सगळ्या मशीन बंद करून पूजेसाठी पुसून ठेवतात तेव्हा सकाळी लवकर गेलो. मामा कंट्रोलरला हार घालत होते, मला म्हणाले, "साहेब, दहा मिनिटं बरं का, मग आरती आहे." सेक=एनटीएलएमएसएसपी लिहिलं, व्हर्स=१.० ठेवलं, वर कमेंट टाकली की हे एक्सपीसाठी आहे आणि कंट्रोलर बदलला की काढायचं, त्या शेअरचं पोर्ट फक्त आमच्या सर्व्हरलाच उघडं राहील असा स्विचवर नियम घातला, आणि मामांनी एक प्रोग्राम स्क्रीनवर उघडून बघितला. आला. टूलचं तपासणी मोड सगळ्या मशीनवर चालवलं तर जुन्या ऑप्शनचं एकही नाव निघालं नाही, मग आरतीला थांबलो.